बाटलीच्या मागची दोन वाक्ये : अमेरिकेतील आहारपूरकांच्या कायद्याची गोष्ट

१/ अमेरिकेहून आलेली जीवनसत्त्वांची, माशाच्या तेलाची किंवा अश्वगंधेची बाटली घरात असेल, तर ती फिरवून मागचा मजकूर वाचा. बारीक अक्षरांत बहुधा दोन वाक्ये आढळतील. त्यांचा आशय असा : वरील विधानाची पडताळणी अन्न व औषध प्रशासनाने केलेली नाही, हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार, निवारण किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. आजचा धागा या दोन वाक्यांचा इतिहास सांगणारा आहे. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ या विषयाकडे मी वळलो तो घरातल्या एका प्रश्नामुळे. मावसभाऊ न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याने आईच्या गुडघ्यांसाठी एक मोठी बाटली आणली. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे औषध आहे की खाणं?" ती रक्तदाबाची गोळी रोज घेते, म्हणून तिला ते नेमके जाणून घ्यायचे होते. इतिहासात एम. ए. करणाऱ्या मुलाला उत्तर देता आले नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की अमेरिकेची संसद, न्यायालये आणि प्रशासन याच प्रश्नावर कित्येक दशके भांडत होती.

३/ पुढील सर्व घटना वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवावा : वस्तू सुरक्षित आहे हे विकणाऱ्याने आधी सिद्ध करायचे, की ती घातक आहे हे सरकारने नंतर सिद्ध करायचे? औषधांच्या बाबतीत अमेरिकेने पहिला पर्याय निवडला. आहारपूरकांच्या, म्हणजे आपण ज्यांना सप्लिमेंट म्हणतो त्यांच्या बाबतीत, दुसरा निवडला. ही निवड कोणी, केव्हा आणि कशामुळे केली, हा आपला विषय.

४/ प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करू. त्या काळी अमेरिकेत 'पेटंट औषधे' या नावाने नाना प्रकारची द्रावणे विकली जात. अनेकांत मद्यार्क असे, काहींत अफू किंवा कोकेनही असे. बाटलीत काय आहे हे सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नव्हते. रसायनशास्त्रज्ञ हार्वी वायली यांनी या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवली. अखेर ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर स्वाक्षरी केली. मद्यार्क, अफू यांसारखी द्रव्ये असल्यास त्यांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक झाले.

५/ पण घटक खरे सांगितले आणि गुण खोटे सांगितले तर? कर्करोगावरील एका तथाकथित उपचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९११ साली बहुमताने निकाल लागला, की १९०६ चा कायदा घटकांविषयीच्या खोटेपणाला लागू आहे, गुणकारीपणाच्या दाव्यांना नाही. १९१२ साली संसदेने दुरुस्ती केली. पण तीत विक्रेत्याचा फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर पडली. 'माझा खरोखरच विश्वास होता' असे म्हणणाऱ्याला शिक्षा करणे अवघडच राहिले.

६/ त्याच १९१२ साली कासिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने 'व्हिटॅमिन' ही संज्ञा रूढ केली. बेरीबेरी, स्कर्व्ही, पेलाग्रा हे भयंकर आजार अन्नातील अतिसूक्ष्म द्रव्यांच्या अभावाने होतात, हे हळूहळू स्पष्ट झाले. विज्ञानाच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. कायद्याच्या दृष्टीने मात्र अडचण निर्माण झाली. संत्र्यात असते तेव्हा क जीवनसत्त्व हे अन्न; तेच गोळीत भरले, तर ते काय?

७/ १९३७ साली एका अमेरिकी कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून बाजारात आणले. विषारीपणाची चाचणी झालीच नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुले बरीच होती. या शोकांतिकेनंतर २५ जून १९३८ रोजी नवा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा झाला. नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे प्रशासनापुढे मांडणे उत्पादकाला भाग पडले. अन्नाला अशी अट नव्हती.

८/ येथे थोडे थांबू, कारण पुढचा सारा वाद या कायद्यातील व्याख्येवर उभा आहे. रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी असलेली वस्तू म्हणजे औषध. तसेच शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही औषध; मात्र या दुसऱ्या भागातून अन्न वगळलेले. अर्थात एकच गोळी, तिच्यावर काय लिहिले आहे त्यावरून, कधी अन्न तर कधी औषध ठरू शकते. वेष्टनावरील शब्दांना त्या दिवसापासून फार मोठे मोल आले.

९/ या कायद्याची अंमलबजावणी करणारी संस्था म्हणजे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, एफडीए. (महाराष्ट्रातही याच नावाचे राज्य शासनाचे प्रशासन आहे, या धाग्यात एफडीए म्हणजे अमेरिकेतील संस्था.) थॅलिडोमाइड प्रकरणानंतर १९६२ साली औषधांवरची अट आणखी कडक झाली. औषध सुरक्षित असून भागेना. ते गुणकारी असल्याचाही पुरावा आवश्यक झाला. अन्न आणि औषध यांच्यातली दरी आता फारच रुंद झाली होती.

१०/ प्रशासनाचे लक्ष याच काळात जीवनसत्त्वांच्या गोळ्यांकडे वळले. १९६६ साली त्याने नियम जाहीर केले. त्यांतील एका नियमानुसार प्रत्येक बाटलीवर असे छापावे लागणार होते, की आपण खातो त्या अन्नातूनच जीवनसत्त्वे आणि खनिजे मुबलक मिळतात. थोडक्यात, विक्रेत्याने आपल्याच मालावर 'याची बहुतेकांना गरज नाही' असे लिहायचे! उद्योगाने आक्षेप घेतला. १९६८ ते १९७० अशी दोन वर्षे सुनावणी चालली आणि साक्षींची पाने ३२,००० च्या वर गेली.

११/ सुनावणी संपली त्या १९७० सालीच लिनस पॉलिंग यांचे क जीवनसत्त्व आणि सर्दी या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पॉलिंग म्हणजे रसायनशास्त्राचे (१९५४) आणि शांततेचे (१९६२) अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवलेले गृहस्थ. मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेतल्यास सर्दी टळते, हे त्यांचे प्रतिपादन पुढील चाचण्यांत त्या स्वरूपात टिकले नाही. परंतु लोकांच्या मनावर ठसले ते हे : एक महान शास्त्रज्ञ 'घ्या' म्हणतो आणि सरकार 'नको' म्हणते.

१२/ १९७३ साली प्रशासनाने नियमांचे नवे रूप आणले. शिफारस केलेल्या दैनंदिन प्रमाणाच्या दीडपटीहून अधिक मात्रा असलेली जीवनसत्त्वे व खनिजे औषध म्हणून गणली जाणार होती. अ आणि ड जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांना तर डॉक्टरांची चिठ्ठी लागणार होती. यामागे वैद्यकीय कारण होते. ही दोन्ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात, शरीरात साठतात आणि अतिरेकाने अपाय करतात. पण क जीवनसत्त्वाच्या गोळीलाही तीच दीडपट मोजपट्टी का, याचे उत्तर सामान्य ग्राहकाला पटेना.

१३/ काळही लक्षात घ्यावा. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट यांमुळे सरकारवरचा विश्वास पार ढासळला होता. 'आमच्या स्वयंपाकघरात सरकार कशाला?' हा प्रश्न डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या लोकांना आपला वाटला. आरोग्यखाद्यांची दुकाने, उत्पादक आणि त्यांचे नेमाचे ग्राहक यांनी खासदारांवर पत्रांचा वर्षाव केला. ही मोहीम उद्योगाने संघटित केली होती हे खरे. पण पत्रे लिहिणाऱ्यांची नाराजीही खरी होती. इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात.

१४/ विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी या चळवळीला संसदेत वाट करून दिली. २२ एप्रिल १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने प्रॉक्समायर दुरुस्ती अमलात आली. केवळ मात्रा जास्त आहे म्हणून जीवनसत्त्वाला औषध ठरवण्याचा आणि सुरक्षिततेचे कारण नसताना मात्रेची कमाल मर्यादा घालण्याचा एफडीएचा अधिकार संपला. लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठीच्या उत्पादनांना ही सवलत नव्हती. एका नियामक संस्थेचे अधिकार ग्राहकांच्या मोहिमेमुळे कमी व्हावेत, ही विरळा घटना होय.

१५/ मात्रेचा प्रश्न असा मिटला. दाव्यांचा प्रश्न उभाच राहिला. १९८४ साली केलॉग कंपनीने राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने आपल्या ऑल-ब्रॅन या न्याहारीच्या पदार्थावर तंतुमय आहार आणि कर्करोग यांच्या संबंधाची माहिती छापली. कायद्याच्या कडक अर्थाने हा रोगविषयक दावा, म्हणजे न्याहारीचे धान्य औषधच! प्रशासन गोंधळले आणि बाजारात आरोग्यविषयक दाव्यांचा पूर आला. त्याला आवर घालण्यासाठी १९९० साली पोषणविषयक वेष्टनाचा नवा कायदा झाला. आरोग्याचा दावा करायचा, तर त्यामागे शास्त्रज्ञांमध्ये भरीव सहमती हवी, असे त्याचे सूत्र होते.

१६/ दरम्यान १९८९ च्या अखेरीस एक धक्कादायक घटना घडली. न्यू मेक्सिको राज्यातील डॉक्टरांना तीव्र स्नायुदुखीचे आणि रक्तातील विशिष्ट पेशी अफाट वाढलेले रुग्ण दिसू लागले. सर्वांत समान धागा निघाला तो एल-ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांचा. झोप लागावी म्हणून लोक त्या घेत. देशभर १,५०० हून अधिक रुग्ण आढळले आणि तीसहून अधिक मृत्यू झाले. बहुतेक प्रकरणांचा संबंध एकाच जपानी उत्पादकाच्या मालाशी लागला.

१७/ या घटनेतून दोन निष्कर्ष निघाले आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा उचलला. प्रशासन म्हणाले, पाहा, 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी गोळीही जीव घेऊ शकते. उद्योग म्हणाला, दोष एका कारखान्याच्या मालाचा होता, पदार्थाचा नव्हे. दोघांनीही फारसा न विचारलेला प्रश्न असा : कोणती गोळी कोणत्या कारखान्यातून आली आणि तिने कोणाला अपाय झाला, याची नोंद ठेवणारी व्यवस्था कुठे आहे? तो प्रश्न स्मरणात ठेवा. आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

१८/ १९९० च्या अखेरीस डेव्हिड केसलर एफडीएचे आयुक्त झाले. ते डॉक्टरही होते आणि कायद्याचे पदवीधरही. त्यांच्या काळात कारवाया वाढल्या. पण प्रशासनाचे सगळेच पवित्रे शहाणपणाचे नव्हते. काळ्या मनुकांसारख्या ब्लॅककरंट या फळाच्या बियांचे तेल जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून विकले जाई. एफडीएचा युक्तिवाद असा, की कॅप्सूल हे अन्न आणि आतले तेल हा त्या अन्नात मिसळलेला 'अन्नयोगी पदार्थ'. अन्नात मिसळायच्या पदार्थाला पूर्वपरवानगी लागते, म्हणून तेल बेकायदा! १९९३ साली दोन संघीय अपील न्यायालयांनी हा युक्तिवाद फेटाळला.

१९/ दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, म्हणजे बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टळू शकतात, अशी शिफारस अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सप्टेंबर १९९२ मध्ये केली. तरीही तोच दावा बाटलीवर छापण्यास एफडीएने लगेच संमती दिली नाही. सरकारचा एक हात जे सांगत होता, तेच ग्राहकाला सांगण्यास दुसरा हात अडवत होता. ग्राहकांच्या हक्काची भाषा करणाऱ्यांना यापेक्षा चांगले उदाहरण कोणते मिळणार?

२०/ मे १९९२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील केंट या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यावर एफडीएने सशस्त्र पोलिसांसह छापा घातला. ते डॉक्टर जीवनसत्त्वांवर आधारित उपचारांसाठी प्रसिद्ध होते. प्रशासनाच्या दृष्टीने तो मान्यता नसलेल्या औषधी द्रव्यांचा तपास होता. लोकांच्या स्मरणात मात्र 'ब जीवनसत्त्वासाठी बंदुका' हे चित्र राहिले. राजकारणात तपशिलापेक्षा चित्र अधिक काळ टिकते, याचा हा नमुना.

२१/ त्याच चित्राची जाहिरात झाली. १९९३ साली दूरचित्रवाणीवर अभिनेता मेल गिब्सन झळकला. रात्रीच्या वेळी सशस्त्र पथक त्याच्या घरात घुसते आणि शेवटी हाती लागते काय, तर क जीवनसत्त्वाची बाटली! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशभरातील आरोग्यखाद्यांच्या दुकानदारांनी निषेधाचा दिवस पाळला. सरकार हिरावून घेईल असे त्यांना वाटणाऱ्या वस्तू काळ्या कापडाने झाकल्या. संसदेकडे पुन्हा पत्रांचा पूर लोटला. प्रत्यक्षात प्रशासन जीवनसत्त्वांवर सरसकट बंदी आणणार नव्हते. पण १९६६ पासूनचा अनुभव गाठीशी असल्यामुळे लोकांना ती भीती खरी वाटली.

२२/ संसदेत या चळवळीचे नेतृत्व दोन्ही पक्षांकडे होते. युटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच हे प्रमुख; त्यांच्या राज्यात हा उद्योग मोठा होता. आयोवाचे डेमोक्रॅट सिनेटर टॉम हार्किन हे दुसरे. मधमाश्यांच्या परागकणांनी आपली ॲलर्जी गेली, असे ते स्वानुभवाने सांगत. प्रतिनिधिगृहात न्यू मेक्सिकोचे बिल रिचर्डसन होते, आणि ट्रिप्टोफॅनचे पहिले रुग्ण त्यांच्याच राज्यात सापडले होते! विरोधात कॅलिफोर्नियाचे हेन्री वॅक्समन आणि आयुक्त केसलर उभे होते.

२३/ २५ ऑक्टोबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आहारपूरक, आरोग्य व शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'डीशे' असे म्हणतात. जीवनसत्त्वे, खनिजे, वनौषधी, अमिनो आम्ले आणि त्यांचे अर्क या सर्वांना त्याने एका छत्राखाली आणले आणि हे सारे अन्नाच्या गटात मोडते असे ठरवले. ब्लॅककरंट तेलासारखा 'अन्नयोगी पदार्था'चा युक्तिवाद करण्याची वाटही बंद केली.

२४/ कायद्याची मुख्य कलमे सोप्या भाषेत अशी :
• विकण्यापूर्वी सरकारची मान्यता नको.
• १५ ऑक्टोबर १९९४ पूर्वी बाजारात असलेले घटक चालू राहतील. नव्या घटकाची माहिती विक्रीच्या ७५ दिवस आधी द्यावी लागेल.
• उत्पादन लक्षणीय किंवा अवाजवी धोका निर्माण करते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची.
• रोग बरा होतो असे म्हणता येणार नाही; शरीराच्या रचनेवर वा कार्यावर होणारा परिणाम मात्र सांगता येईल.

२५/ शेवटचे कलम म्हणजे १९३८ च्या व्याख्येतील शब्दांचा नवा अवतार. 'संधिवात बरा होतो' हा रोगाचा दावा, म्हणून निषिद्ध. 'सांध्यांचे आरोग्य राखण्यास साहाय्य' हा कार्याचा दावा, म्हणून ग्राह्य. असा दावा छापला, की विक्री सुरू झाल्यापासून ३० दिवसांत प्रशासनाला कळवायचे आणि खाली ती दोन वाक्ये छापायची. आपल्या बाटलीवरील बारीक अक्षरे ही अशी जन्मली. एका बाजूला दावा करण्याची मुभा आणि दुसऱ्या बाजूला 'हे कोणी तपासलेले नाही' अशी कबुली : १९९४ च्या तडजोडीचे हे दोन भाग.

२६/ परिणाम आकड्यांत पाहू. एफडीएच्या २०१९ मधील निवेदनानुसार कायदा झाला तेव्हा या बाजारात सुमारे ४,००० उत्पादने होती आणि उलाढाल सुमारे ४ अब्ज डॉलरची. पंचवीस वर्षांनी उलाढाल ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि उत्पादने ५०,००० च्या वर, कदाचित ८०,००० पर्यंत. उपलब्धतेच्या दृष्टीने ग्राहकाचा विजय निर्विवाद होता. हवे ते, हव्या त्या मात्रेत, चिठ्ठीवाचून मिळू लागले.

२७/ या व्यवस्थेची कसोटी लागली ती एफेड्रा या वनस्पतीच्या निमित्ताने. चिनी वैद्यकात तिला 'मा हुआंग' म्हणतात. तिच्यातील एफेड्रिन हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते. नव्वदच्या दशकात वजन घटवण्यासाठी आणि व्यायामासाठी ती अमेरिकेत धडाक्याने खपू लागली. अपायांच्या तक्रारी आल्यावर १९९७ साली एफडीएने मात्रेवर मर्यादा सुचवली. परंतु १९९९ साली संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले, की त्या मर्यादेला पुरेसा पुरावा नाही. २००० साली प्रस्तावाचा बराच भाग मागे घ्यावा लागला.

२८/ पुरावा का नव्हता? कारण कंपनीकडे आलेली तक्रार सरकारला कळवण्याचे बंधनच नव्हते. २००२ साली एफेड्राच्या एका मोठ्या विक्रेत्या कंपनीने चौकशीच्या दबावाखाली आपल्याकडच्या तक्रारी सोपवल्या. त्या १३,००० हून अधिक निघाल्या. सतरावा भाग आठवा. नोंद ठेवणारी व्यवस्था कुठे आहे, हाच तो प्रश्न. धोका सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर टाकली, त्याच्या हाती माहिती नव्हती. आणि ज्याच्या हाती माहिती होती, त्याच्यावर जबाबदारी नव्हती.

२९/ १७ फेब्रुवारी २००३ रोजी बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा पिचर स्टीव्ह बेकलर फ्लोरिडातील सराव शिबिरात उष्माघाताने मरण पावला. वय अवघे २३. मृत्यूला एफेड्रायुक्त उत्पादनाचाही हातभार लागल्याचे शवचिकित्सकांनी नोंदवले. प्रकरण राष्ट्रीय पातळीवर गाजले. फेब्रुवारी २००४ मध्ये बंदीचा नियम प्रसिद्ध झाला आणि एप्रिलपासून लागू झाला. १९९४ च्या कायद्याखाली एखाद्या घटकावर घातलेली ही पहिली बंदी. तीही न्यायालयात आव्हानित झाली आणि २००६ साली अपिलात टिकली. पहिल्या प्रस्तावापासून या टप्प्यापर्यंत नऊ वर्षे गेली.

३०/ त्यानंतर त्रुटी बुजवण्याचे काम सुरू झाले. डिसेंबर २००६ मध्ये नवा कायदा झाला. गंभीर अपायाची तक्रार कंपनीने कामकाजाच्या १५ दिवसांत एफडीएला कळवणे बंधनकारक झाले. या कायद्यामागे हॅच आणि हार्किन हेही होते, ही नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी. २००७ साली कारखान्यांतील शुद्धता, घटकांची ओळख आणि नोंदी यांचे नियम आले. असे नियम करण्याचा अधिकार १९९४ मध्येच मिळाला होता. ते यायला तेरा वर्षे लागली.

३१/ मग ग्राहक सुरक्षित झाला का? २०१५ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की आहारपूरकांशी संबंधित त्रासामुळे अमेरिकेत वर्षाला सुमारे २३,००० वेळा लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागते. देशाची लोकसंख्या आणि या गोळ्यांचा खप पाहता संख्या प्रचंड नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य गोळ्या कोणाचा जीव घेत नाहीत. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या बाटलीविषयी आधी काय कळू शकले असते, हा प्रश्न उरतोच.

३२/ आता भारताकडे. आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २२ मध्ये अशा पदार्थांचा स्वतंत्र उल्लेख आला. त्यावरील सविस्तर नियम २०१६ साली निघाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. गंमत पाहा : या नियमांत आरोग्यपूरकांतील जीवनसत्त्वांची व खनिजांची मात्रा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने शिफारस केलेल्या दैनंदिन प्रमाणापुढे जाऊ नये, असे ठरवले. अमेरिकेच्या प्रशासनाला १९७३ साली दीडपट मर्यादाही पेलता आली नव्हती. आपल्याकडे त्याहून कडक मर्यादा आली आणि तिच्याविरुद्ध पत्रांचा पूर वगैरे काही आला नाही.

३३/ यावरून 'भारत शहाणा, अमेरिका वेडी' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नियम कागदावर असणे आणि गल्लीतल्या व्यायामशाळेत सुट्या पिशवीतून विकल्या जाणाऱ्या पावडरीपर्यंत तो पोहोचणे, यांत अंतर असते. अमेरिकेत लोकांनी आपला हक्क मागितला, गैरसमजांसह का होईना, पण मागितला. आपल्याकडे नियम झाले तेव्हा ग्राहक म्हणून आपण त्यांच्याविषयी बोललो होतो का? नियमाच्या बाजूने किंवा विरोधात? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

३४/ माझ्या मते या इतिहासाचे सार असे. ग्राहकांची भीती निराधार नव्हती. प्रशासन उद्धट वागले, हास्यास्पद युक्तिवाद केले आणि फॉलिक आम्लासारखी उपयुक्त माहितीही काही काळ अडवली. पण 'मला निवडू द्या' हा लढा जिंकताना 'निवडण्यापुरती माहिती मला कोण देईल' हा लढा मागे पडला. पहिल्यासाठी लाखो पत्रे आली. दुसऱ्यासाठी एका तरुण खेळाडूच्या मृत्यूची वाट पाहावी लागली. हे दोन्ही हक्क एकमेकांचे शत्रू नव्हते. ते तसे आहेत असे भासवण्यात दोन्ही बाजूंचे राजकारण होते.

३५/ आणि आईचा प्रश्न? कायद्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : खाणं. पण शरीराला कायद्याच्या व्याख्या कळत नाहीत. रक्तदाबाच्या गोळीशी त्या बाटलीतल्या अर्काचे पटते की नाही, हे बाटलीवर लिहिलेले नव्हते आणि १९९४ च्या कायद्यानुसार ते आधी तपासणे कोणालाही बंधनकारक नव्हते. शेवटी आम्ही बाटली घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे घटक वाचले आणि रक्तदाबाची गोळी चालू ठेवून बाटली तूर्त बाजूला ठेवायला सांगितले. आईने ती फडताळात ठेवली आहे, फेकलेली नाही.

३६/ तुमच्या घरातही अशी एखादी बाटली असेल. मागचा मजकूर वाचा आणि त्यावर नेमका कोणता दावा केला आहे, 'रोगा'चा की 'कार्या'चा, ते खाली लिहा. उत्पादनाचे नाव नको, फक्त दाव्याचे शब्द द्या. तुलना करायला मजा येईल. धाग्यात तथ्याची चूक आढळल्यास जरूर दाखवावी, दुरुस्ती स्वतंत्रपणे करीन. पुढील धागा १९३७ च्या त्या विषारी द्रावणावर आणि त्याच्या बाटल्या घरोघर शोधत फिरलेल्या निरीक्षकांवर.